दोराशिवाय चढता येणारी शिखरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिर्यारोहणाचं तांत्रिक शिक्षण न घेता, पायी चालत माथा गाठता येतो अशी शिखरं जगातल्या जवळपास प्रत्येक पर्वतरांगेत आहेत. नवख्या मंडळींना अशा वाटांवर घेऊन जाताना मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. जिथे चूक महागात पडते तिथे उत्तर लांबलं आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपलं आहे.

'सोपं शिखर' म्हणजे नेमकं काय?

माथ्यावर जायला निदान एक तरी वाट अशी आहे, की तिथे दोर, हार्नेस (दोर अडकवायला कमरेला बांधायचा पट्टा) किंवा हिमनदीवर वावरण्याचं कसब लागत नाही, ते सोपं शिखर. या व्याख्येत स्कॉटलंडमधलं १,३४५ मीटरचं बेन नेव्हिस बसतं, मोरोक्कोतलं ४,१६७ मीटरचं तुबकाल बसतं आणि टांझानियातलं ५,८९५ मीटरचं किलिमांजारोही बसतं. तिन्हीकडे माणूस चालतच वर जातो. पण पहिलं एका दिवसाचं काम आहे, दुसऱ्याला दोन दिवस लागतात आणि तिसऱ्याला सहा-सात दिवस तरी द्यावेत.

'सोपं' हे विशेषण वाटेचं असतं, डोंगराचं नाही; आणि तेही चांगल्या हवेतल्या वाटेचं. बेन नेव्हिसची मळलेली वाट स्वच्छ दिवशी शाळकरी मुलंही चढून जातात. त्याच माथ्यावर ढग उतरले, की पठाराच्या कडेला कुठे जमीन संपते ते कळत नाही. मग होकायंत्र धरूनच उतरावं लागतं : माथ्यावरच्या खुणेच्या खांबापासून नकाशावरच्या २३१ अंशांच्या दिशेने दीडशे मीटर, मग २८२ अंशांवर. डोंगर तोच, वाटही तीच, पण त्या दिवशी ती सोपी राहिलेली नसते.

रशियातलं एल्ब्रुस (५,६४२ मीटर) हे दुसरं उदाहरण. केबल कार ३,८०० मीटरच्या पुढे नेऊन सोडते, वरचा उतारही मंद आहे, म्हणून त्याला 'बर्फावरची चाल' समजून लोक जातात. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे अचानक आलेल्या हिमवादळात एकाच गटातल्या पाच जणांचा जीव गेला. म्हणून कुणी 'हे शिखर सोपं आहे' असं सांगितलं, की मी लगेच दोन गोष्टी विचारते : कोणत्या वाटेने आणि कोणत्या महिन्यात?

वाटेची श्रेणी कशी वाचायची?

वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या पद्धती आहेत. स्विस पद्धतीत टी-१ ते टी-६ अशा पायऱ्या आहेत. टी-१ म्हणजे रुंद, सरळ पायवाट. टी-३ला अधूनमधून हात टेकावे लागतात. टी-४पासून पुढे अनुभव नसलेल्याने जाऊच नये. अमेरिकेत पहिला ते पाचवा वर्ग आहे. पहिला म्हणजे साधी चाल, तिसऱ्यात हातांनी धरून चढावं लागतं, चौथ्यात पडलं तर जीवावर बेतू शकतं आणि पाचवा म्हणजे दोराने करायची प्रस्तरचढाई. या लेखातल्या बहुतेक गोष्टी टी-३ आणि तिसऱ्या वर्गाच्या आतल्या वाटांसाठी आहेत.

वाट कोरडी आणि हवा स्वच्छ आहे असं धरूनच श्रेणी दिलेली असते. कातळ ओला झाला, की मनातल्या मनात एक पायरी वाढवावी. विरळ हवा, थंडी आणि दिवसाची एकूण लांबी यांचा तर श्रेणीत विचारच नसतो. टी-१ वाटही चौदा तास चालली तर माणसाला आडवं करते.

मग आल्प्समधलं माँ ब्लाँ सोप्या शिखरांत मोडतं का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. सर्वाधिक वापरली जाणारी गूते वाटसुद्धा हिमनदीवरून आणि निमुळत्या हिमधारेवरून जाते. शिवाय वाटेतली गूते घळ ओलांडताना वरून दगड कोसळत असतात, आणि तिथे आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. गर्दी जाते म्हणून वाट सोपी ठरत नाही.

पहिलं शिखर म्हणून कोणतं निवडावं?

शिखराचं नाव आणि उंची बाजूला ठेवा. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण ६०० ते १,००० मीटर, जाऊन-येऊन उजेडात आटपेल एवढी लांबी, ठळक पायवाट आणि मधूनच परत फिरता येईल अशी रचना, एवढं पाहा. वेल्समधलं यर विड्वा (१,०८५ मीटर) या मोजमापात छान बसतं. ऑस्ट्रेलियातलं कोशियुस्को (२,२२८ मीटर) त्याहून हलकं आहे. चेअरलिफ्टने वर गेल्यावर उरलेली वाट बरीचशी जमिनीपासून उचललेल्या लोखंडी जाळीवरून जाते, खालची नाजूक अल्पाइन वनस्पती तुडवली जाऊ नये म्हणून.

अशी तीन-चार शिखरं निवांत झाली, की बोर्निओतलं किनाबालू (४,०९५ मीटर) किंवा तुबकाल अशी चार हजार मीटरची वाट धरावी. तिथे विरळ हवेत आपलं शरीर कसं वागतं ते समजतं. किलिमांजारो त्यानंतर. आयुष्यातलं पहिलंच शिखर म्हणून थेट किलिमांजारोला गेलेले आणि माथा गाठलेलेही लोक आहेत, पण मी कुणाला तो सल्ला देणार नाही.

तयारीला किती दिवस लागतात?

रोज थोडंफार चालणाऱ्या माणसाला आठ ते बारा आठवडे पुरतात. सपाट रस्त्यावरचं धावणं दम वाढवतं, पण चढाची तयारी चढावरच होते. जिने चढा-उतरा, हळूहळू पाठीवर वजन घ्या, आणि आठवड्यातून एक दिवस चार-पाच तासांची मोठी चाल ठेवा. उतरण्याचा सराव बहुतेकजण विसरतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जे पाय भरून येतात ते बव्हंशी उतारामुळे.

स्वतःला तपासायची माझी साधी कसोटी : प्रत्यक्ष शिखरावर जेवढी सॅक न्यायची आहे तेवढी घेऊन एका तासात ३०० मीटर चढता आलं, आणि चढताना सलग दोन वाक्यं बोलता आली, तर तुम्ही तयार आहात.

किती वेळ लागेल हे आधी कसं काढायचं?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला नियम आजही वापरला जातो : दर पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा जाऊन-येऊन १२ किलोमीटर वाट आहे आणि चढ १,२०० मीटर. चालीचे जवळपास अडीच तास, चढाचे दोन, म्हणजे साडेचार. पण हा हिशेब तंदुरुस्त, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. नवख्यांच्या गटासाठी मी त्यात निम्मा वेळ आणखी मिळवते, म्हणजे सात तासांच्या आसपास. घसाऱ्याची, म्हणजे सुट्या दगडमातीची वाट असेल तर त्याहून जास्त.

हे गणित घरीच करून कागदावर लिहून ठेवायचं. त्यातूनच परत फिरण्याची वेळ निघते, आणि या पूर्ण पानावर मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मध्यरात्री किंवा पहाटे का निघायचं? सूर्योदय बघण्यासाठी?

सूर्योदय मिळतो हा वरचा लाभ. खरी कारणं वेगळी आहेत. उन्हाळ्यात डोंगरावर ढग दुपारी भरून येतात आणि विजा बहुधा तेव्हाच पडतात. बर्फाचा टप्पा असेल तर तो पहाटे टणक असतो, ऊन चढलं की भुसभुशीत होतो. गोठून धरलेले दगडही उन्हाने सुटतात. आणि काही बिनसलंच, तर पुढे अख्खा दिवस उजेड हाताशी असतो.

मात्र रात्रभर न झोपता एका दमात चढून जाणं ही वेगळी गोष्ट. जपानमधल्या फुजीवर (३,७७६ मीटर) असं करणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली, की २०२४ पासून योशिदा वाटेवर दिवसाला ४,००० जणांची मर्यादा आली आणि वरच्या झोपडीत आरक्षण नसलेल्यांसाठी रात्री फाटक बंद होऊ लागलं. न झोपलेलं शरीर, थंडी आणि अचानक वाढलेली उंची एकत्र आली की माणूस कोसळतो. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

विरळ हवेचा त्रास म्हणजे काय आणि तो मला होईल का?

होईल की नाही हे आधी सांगता येत नाही, हीच त्यातली अडचण. रोज धावणारा तरुण आडवा पडतो आणि त्याच्यासोबतची पन्नाशीची बाई शांतपणे वर जाते, असं मी पाहिलं आहे. तंदुरुस्तीने चढणं सोपं होतं, पण विरळ हवेपासून संरक्षण मिळत नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि अडकतो.

उंचावर हवेतला ऑक्सिजनचा वाटा बदलत नाही, तो सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात पूर्वीच्या निम्माच ऑक्सिजन आत जातो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत.

त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. डोकं दुखतं, आणि त्याच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळून गेल्यासारखं वाटणं किंवा गरगरणं. नव्या उंचीवर हे झालं तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो विरळ हवेचाच त्रास मानायचा. 'ऊन लागलं असेल', 'झोप झाली नाही' अशी कारणं सगळेच देतात, मीही दिली आहेत.

नियम तीन आहेत. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. लक्षणं दिसली तर ती जाईपर्यंत वर चढू नये. लक्षणं वाढली तर खाली उतरावं, अगदी रात्रीसुद्धा.

आता हा नियम किलिमांजारोच्या मारांगू वाटेला लावून बघा. तिथले मुक्काम सुमारे २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरवर आहेत. म्हणजे पाच दिवसांच्या कार्यक्रमात रोज हजार मीटर, आणि शेवटच्या रात्री तिथून थेट माथा. वाट पायाखाली सोपी, पण वेळापत्रक शरीराला न झेपणारं. म्हणूनच कोणत्याही वाटेने जा, दिवस वाढवून घ्या. एक जास्तीचा दिवस कोणत्याही महागड्या जॅकेटपेक्षा उपयोगी पडतो.

दोन अवस्था जीवघेण्या आहेत. पहिलीत फुफ्फुसांत पाणी साठतं : बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, थुंकीत गुलाबी फेस दिसू शकतो. दुसरीत मेंदूला सूज येते : माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. संशय आला तर त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल जात असेल तर पुढची चर्चा नको, ताबडतोब खाली. आणि त्याला एकट्याला कधीही खाली पाठवू नका.

गोळी घेतली तर चालेल का?

अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी लवकर जुळवून घ्यायला मदत करतं. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर हे आधी सांगायचं. डोकेदुखीची गोळी घेऊन चढत राहणं ही मात्र स्वतःची फसवणूक आहे.

हवामान बिघडतंय हे कसं ओळखायचं?

अंदाज बघूनच निघा, पण तो शिखराच्या उंचीचा बघा, पायथ्याच्या गावाचा नाही. सरासरीने दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी २० अंश असेल तर दोन हजार मीटर वर सात अंश, आणि वारा असेल तर त्वचेला ते शून्याच्या जवळ जाणवतं.

चालताना आकाशाकडे लक्ष ठेवा. सकाळीच कापसासारखे ढग उभे वाढू लागले, तर दुपारी ते गडगडणार हे धरून चला. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आकडा आला तर तुम्ही धोक्याच्या टापूत आहात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर जायचं नाही.

विजा सुरू झाल्यावर धारेवर, माथ्यावर, एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीच्या तोंडाशी थांबू नका. धारेवरून उतरून मोकळ्या, सखल उतारावर या, एकमेकांत अंतर ठेवा, सॅकवर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा. काठ्या बाजूला ठेवा. केस उभे राहिले किंवा धातूच्या वस्तू गुणगुणल्यासारख्या वाजू लागल्या, तर क्षणही उरलेले नाहीत असं समजून वागा.

कपडे कसे असावेत?

सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो, वाळत नाही आणि वारा सुटला की अंगातली ऊब ओढून घेतो. अंगालगत घाम बाहेर टाकणारा थर, त्यावर ऊब देणारा, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारा. तिन्ही वेगळे हवेत, म्हणजे चालताना काढता येतात आणि थांबल्यावर चढवता येतात. घाम येण्याआधी थर काढायचा आणि थंडी वाजण्याआधी घालायचा, एवढी सवय लावून घ्या.

कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्य ते दहा अंश, पाऊस आणि वारा यांचं मिश्रण मला जास्त भीतीदायक वाटतं, कारण त्या वेळी माणूस बेसावध असतो. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की अतिशीतता सुरू होते. कुडकुडणं, बोलताना जीभ अडखळणं, बटण लावता न येणं, चिडचिड. सोबतचा माणूस एकदम गप्प झाला तर त्याला थांबवून बोलतं करा. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा द्या, गोड आणि गरम प्यायला द्या. कुडकुडणं थांबलं पण माणूस सावरलेला दिसत नाही, तर ते सुधारण्याचं नाही, बिघडण्याचं लक्षण आहे.

नवे बूट घेऊन गेलं तर?

नका. निदान पन्नास-साठ किलोमीटर ते पायात फिरलेले असावेत. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळीनिळी होतात. नखं दोन दिवस आधी कापा. पाय चुरचुरायला लागला की त्याच क्षणी थांबून टेप लावा. फोड आल्यावर फारसं काही करता येत नाही.

सॅकमध्ये काय हवंच?

एका दिवसाच्या शिखरासाठीही : नकाशा आणि होकायंत्र, हेडटॉर्च आणि तिचे जास्तीचे सेल, पावसाचं जॅकेट, एक उबदार थर जास्तीचा, प्रथमोपचाराची पिशवी, शिट्टी, आपत्कालीन चकचकीत पांघरूण, गॉगल, टोपी, लागेल त्याहून थोडं जास्त खाणं-पाणी. हेडटॉर्च 'आम्ही तर पाचलाच परत येणार' म्हणून घरी राहते, आणि नेमका त्याच दिवशी अंधार गाठतो.

गॉगलबद्दल दोन शब्द. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजं बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतं. हिमांधत्व आलेलं त्या क्षणी कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं आणि तेव्हा डोळे उघडे ठेवणं अशक्य होतं.

पाणी किती? झऱ्याचं प्यावं का?

तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात जास्त. तहान नसताना बळेबळे लिटरच्या लिटर पिऊ नका, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून, औषध टाकून किंवा उकळून घ्या. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, ५,००० मीटरवर साधारण ८३ अंशांना. तेवढ्यानेही जंतू मरतात. फक्त खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं राहू द्या. खाणं मात्र भूक लागण्याची वाट न बघता तासाला थोडंथोडं.

वाट चुकल्यासारखी वाटली तर?

थांबा. चुकलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे चालण्याचा वेग वाढवतो. बसा, पाणी प्या, शेवटची ओळखीची खूण कुठे होती ते आठवा, आणि ती जवळ असेल तर आल्या वाटेने तिथे परत जा. 'खाली उतरलं की कुठेतरी निघू' म्हणून ओढ्याच्या घळीत शिरू नका. घळी पुढे कड्यावर संपतात. मग खाली जाता येत नाही आणि वर चढायला अंगात त्राण उरलेलं नसतं.

फोनवर नकाशा आधीच उतरवून घ्या, फोन विमान-अवस्थेत आणि अंगालगतच्या खिशात ठेवा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. तरी कागदी नकाशा हवाच, आणि त्यावरच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता यायला हव्यात. त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, की तिथे छातीवरचा चढ किंवा कडा आहे.

मदत कशी मागायची?

शिट्टीने किंवा टॉर्चने मिनिटात सहा वेळा इशारा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. समोरून मिनिटात तीन इशारे आले तर तुमचा इशारा पोहोचला आहे. निघण्यापूर्वी कुणाला तरी वाट, सोबतचे लोक आणि 'या वेळेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलव' ही वेळ लिहून द्या. परत आल्यावर त्याला न विसरता कळवा. लोक घरी जाऊन झोपलेले असताना त्यांचा शोध सुरू झाल्याचे प्रसंग घडतात.

उतरताना गुडघे दुखतात, काय करू?

पावलं छोटी ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटू नका. दोन काठ्यांनी गुडघ्यांवरचा भार चांगलाच हलका होतो. उतारावर त्या थोड्या लांब करून घ्या. घसाऱ्यावर मागे रेलण्याचा मोह होतो आणि नेमकं त्यानेच पाय सटकतो. वजन पायांवर, नजर दोन पावलं पुढे. माथा झाला की लक्ष उडतं आणि पाय थकलेले असतात, त्यामुळे घसरून पडण्याचे प्रसंग चढापेक्षा उतारावर जास्त येतात.

दरीकडे बघितलं की पाय लटपटतात. मी जाऊ शकेन का?

बहुतेक वेळा हो. याला आम्ही दृष्टिभय म्हणतो. वाट पुरेशी रुंद असूनही बाजूची खोली मनावर येते. ते हळूहळू ओसरतं, पण ढकलाढकलीने नाही. आधी कमी खोलीच्या धारा करा, डोळे पावलांसमोरच्या जमिनीवर ठेवा, श्वास सोडताना पाऊल टाका. सोबत्यांनी 'काही होत नाही' म्हणू नये. 'डावा पाय इथे ठेव' असं म्हणावं. आणि टप्पा पार करण्याआधी स्वतःला एकच विचारा : हाच टप्पा मला परत उतरता येईल का?

एकट्याने गेलं तर चालेल?

मळलेल्या, वर्दळीच्या वाटेवर अनुभवी माणसाने जाणं वेगळं. पहिली काही शिखरं तरी तीन-चार जणांत करा. एकजण जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदतीला जातात, असा हा हिशेब आहे. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. त्याला पुढे ठेवा, आणि तो येऊन पोहोचला की लगेच उठून चालू लागू नका. विश्रांतीची गरज त्यालाच सगळ्यांत जास्त असते.

परवाना आणि वाटाड्या लागतो का?

ठिकाणागणिक नियम निराळे. किलिमांजारो आणि किनाबालूला नोंदणीकृत वाटाड्याशिवाय जाता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या व्हिटनीसाठी (४,४२१ मीटर) मोसमात सोडत निघते. तेनेरिफ बेटावरच्या तेइदेला (३,७१५ मीटर) केबल कार ३,५५५ मीटरपर्यंत नेते, पण शेवटच्या टप्प्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. हे नियम बदलत राहतात, निघण्यापूर्वी त्या उद्यानाच्या अधिकृत पानावर बघा. वाटाडा आणि भारवाहक घेतलात तर त्यांचा विमा आहे ना, त्यांना पुरेसे कपडे आणि झोपायला धड जागा आहे ना, हेही विचारा. तुमचं शिखर त्यांच्या पाठीवरून होत असतं.

लहान मुलं, वयस्क मंडळी, जुनी दुखणी?

वय ही अडचण नसते. मुलांना थंडी लवकर बाधते आणि विरळ हवेची लक्षणं नीट सांगता येत नाहीत, म्हणून लहान मुलांना मी फार उंचावर नेत नाही. हृदयविकार, फुफ्फुसांचे आजार, सिकलसेल किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टर. मधुमेहींनी इन्सुलिन गोठणार नाही असं अंगाजवळ ठेवावं.

शौचाचं आणि कचऱ्याचं काय?

पाणवठ्यापासून आणि वाटेपासून निदान साठ-सत्तर मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. कागद आणि सॅनिटरी पॅड पिशवीत बांधून खाली आणायचे. बर्फावर आणि कातळावर काही कुजत नाही, तिथून सगळंच परत आणायचं. फळांच्या सालीसुद्धा, उंचावरच्या थंडीत त्या महिनोन्महिने तशाच पडून असतात.

माथा दिसतोय, थोडंच उरलंय, पण वेळ संपलीय. काय करू?

परत फिरा.

हा निर्णय तिथे उभं राहून घेता येत नाही, म्हणून तो खाली घ्यायचा असतो. उजेड किती वाजेपर्यंत आहे, त्यातून उतरायचे तास वजा करा, दोन तास हातचे राखा. जी वेळ येईल ती गटातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. त्या वेळी जिथे असाल तिथून वळायचं, मग माथा शंभर मीटरवर का असेना.

मी एका चार हजारी शिखराच्या खाली, अंदाजे दीडशे मीटरवरून परतले आहे. वर निळं आकाश होतं, पाय चांगले होते, सोबतच्या एकीचं डोकं मात्र तासाभरापासून ठणकत होतं आणि ठरलेली वेळ वीस मिनिटांपूर्वीच उलटून गेली होती. ती स्वतःच म्हणत होती, 'ताई, मी इथे बसते, तुम्ही जाऊन या.' दमलेला, दुखणारा माणूस हे नेहमीच म्हणतो, आणि त्याचं ऐकायचं नसतं. आम्ही सगळे वळलो. उतरताना तिला दोनदा उलटी झाली. हजार मीटर खाली आल्यावर ती जेवली. त्या शिखरावर मी अजून गेलेले नाही आणि वरून काय दिसतं याची हुरहुर मला आहे. पण त्या दिवशी तिला तिथे बसवून गेले असते तर काय झालं असतं, हा विचार त्याहून जड आहे.

हे सगळं जमलं. आता बर्फाचं शिखर?

नेपाळमध्ये इम्जा त्से (६,१८९ मीटर) यासारख्या शिखरांना 'ट्रेकिंग पीक' म्हणतात आणि त्या नावाने बरेचजण फसतात. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतल्या गिर्यारोहकांनी हे शिखर सराव म्हणून चढलं होतं, यावरूनच त्याची जात कळावी. तिथे हिमभेगा आहेत, माथ्याखाली बर्फाची उभी भिंत आहे, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दाते) आणि दोर लागतात.

आधी गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम करा. क्रॅम्पॉन घालून चालणं, दोराने बांधून घेणं आणि घसरत असताना आइस अ‍ॅक्सवर (बर्फात रुतवायच्या कुदळीवर) अंग टाकून स्वतःला थांबवणं, या तीन गोष्टी आधी खाली दगड किंवा कडा नसलेल्या, पायथ्याशी सपाट होत जाणाऱ्या उतारावर शिका. पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून, असं सगळ्या बाजूंनी घसरून बघा, हात विचार न करता वळेपर्यंत.